बहुधा अस्सल

"हात काढ तिथून!"

आजी स्टुलावर चढलेली. एक पाय स्टुलावर, एक हवेत, आणि उजवा हात कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात कोपरापर्यंत शिरलेला. आजोबांचा आवाज आला तसा तो हात जागच्या जागी थिजला.

"झुरळ होतं," ती म्हणाली.

"त्या खणात? तीस वर्षं मी तिथे डांबराच्या गोळ्या ठेवतोय. तिथे झुरळ गेलंच तर मृत्युपत्र करून जाईल."

"तसलंच होतं. म्हातारं. मिशा पांढऱ्या होत्या."

"उतर खाली. म्यूझियमच्या बाई अकराला यायच्यात आणि तू कंबर मोडून बसशील."

आजी उतरली. हात रिकामाच आला होता. बोटं पाकिटाच्या कडेला नुसती लागली होती, आणखी दोन इंच उंची देवाने दिली असती तर काम झालं असतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. दीड तास. तेवढ्यात एकतर ते पाकीट नाहीसं करायचं होतं, नाहीतर अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट ओठांवर आणायची होती. यातलं सोपं काय, हे ठरवण्यात मागचे तीन दिवस तिची दुपारची झोप उडाली होती.

आजोबांनी पांढरे सुती हातमोजे चढवले, स्वतः खणात हात घातला आणि ते पाकीट अलगद काढून टेबलावर मधोमध ठेवलं. त्याच्या दोन्ही बाजूंना चार जाडजूड अल्बम आधीच रचून ठेवले होते. नवरदेवाच्या दोन्ही अंगांना करवल्या बसाव्यात तसे.

चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले होते. औषधाच्या दुकानातला नाजूक काटा असो की धान्याच्या गोदामातला बैलाएवढा, आजोबांच्या हाताखालून गेला की तो सरळ बोलायला लागायचा. लोक त्यांना काटेवालेच म्हणायचे. कुणी पाच ग्रॅमची लबाडी करताना दिसला तर ते भर बाजारात त्याचं वजन उचलून दाखवायचे आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची हजेरी घ्यायचे. असला माणूस नेमका पडला तो आजीच्या गळ्यात. किंवा आजी त्यांच्या. कारण थापा मारण्यात तिचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं. ती रुमालांवर आणि चादरींवर नावांची अक्षरं भरून द्यायची, कशिद्याचं काम. तिने म्हणे एकदा एका चादरीवर इतका हुबेहूब पोपट काढला की धुऊन वाळत टाकल्यावर तो चादर घेऊनच उडाला, आणि गिऱ्हाईक अजून छतावर उभं राहून शीळ घालतंय. गल्लीतली पोरं याच्यावर पोट धरून हसायची. आजोबा तेवढे मान हलवायचे. "हिने आग लागली म्हणून सांगितलं तरी मी आधी धूर बघतो," म्हणायचे.

आता बघा, धूर नसताना आग लागली होती.

"अहो," आजी समोरच्या खुर्चीत बसली. "ते एक पाकीट बाईंना नाही दाखवलं तर नाही का चालणार?"

"हे नाही दाखवलं तर बोलावलंय कशाला? बाकीच्या त्रेचाळीस सह्या काय, कचरा आहे."

कचरा म्हणत होते, पण त्या कचऱ्यावर त्यांनी जन्म काढला होता. चार अल्बममध्ये त्रेचाळीस जर्मन सेनापतींच्या सह्या. काही पहिल्या महायुद्धातल्या म्हाताऱ्यांच्या, बाकी सगळ्या दुसऱ्यातल्या. फोटोंवर, पोस्टकार्डांवर, पत्रांखाली. लोकांना वाटायचं, छंद आहे. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतो, कुणी काड्यापेट्या, तसा हा सह्या जमवतो. कोपऱ्यावरच्या वाण्याने एकदा चारचौघांत हटकलं होतं, "काटेवाले, तुमच्या सख्ख्या भावाला ज्यांनी मारलं त्यांच्याच सह्या घरात सांभाळता? लाज वाटत नाही?" आजोबांनी त्याच्या काट्यातला स्क्रू पिळता पिळता उत्तर दिलं होतं, "मग कुठे पुरलं ते कुणाला विचारू? तुला?"

कारण सगळं सुरू झालं होतं ते तिथून. त्यांचा दादा, थोरला भाऊ, विसाव्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवर गेला आणि एका पुलापाशी हरवला. मेला असं कुणी कळवलं नाही, जिवंत आहे असंही नाही. 'बेपत्ता' एवढाच शब्द असलेला कागद घरी आला. आईने तो कागद दारामागे खिळ्याला अडकवून ठेवला आणि त्यानंतर दाराला कधी आतून कडी लावली नाही. युद्ध संपलं, वर्षं गेली. समोरच्या बाजूचे सेनापती कैदेतून सुटून आपापल्या घरी बागकाम करू लागले. तेव्हा धाकट्या भावाने शब्दकोश घेतला, जर्मन शिकला आणि एकेकाला पत्र टाकायला लागला. माझा भाऊ, अमुक पलटण, तमुक तारीख, पुलाजवळ. तुम्हाला काही ठाऊक आहे का?

उत्तरं यायची. पण जगभरची माणसं सह्याच मागतात, तेव्हा हाही त्यातलाच, असं धरून प्रत्येकाने सही पाठवली. 'शुभेच्छांसह' म्हणून फोटो पाठवला. कुणी आपल्या गुलाबांबद्दल लिहिलं, कुणी गुडघेदुखीबद्दल. विचारलेल्याचं उत्तर एकानेही दिलं नाही. आजोबा प्रत्येक सही अल्बममध्ये लावायचे आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहायचे: याने कुठलं शहर जाळलं, याच्या हुकमाने किती गावं ओस पडली, हा किती वर्षं तुरुंगात होता आणि किती लवकर सुटला. हिशेब चुकता नाही, तर निदान नीट मांडलेला असावा म्हणून.

ज्याचं सैन्य त्या पुलावर होतं त्या सेनापतीला त्यांनी अकरा पत्रं लिहिली. त्याला घरात 'पुलावरचा' असंच म्हणायचे. अकराही पत्रांना उत्तर नाही.

आणि मग बाराव्याला आलं. दादा कसा गेला आणि कुठे पुरला, ते सांगणारं.

आजीने टेबलावरच्या पाकिटाकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"हे बघ," आजोबांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढून पाकिटाशेजारी पसरला. "युद्धातल्या कबरी शोधणाऱ्या कचेरीचा. त्यांचं म्हणणं, नोंदवहीत दादाचं नाव नाही. पण पत्र अस्सल आहे असा तज्ज्ञाचा दाखला जोडला, तर पत्रातल्या गावी माणसं पाठवतील. खणून बघतील. इथे ठिकाण मी लिहिलंय बघ, शाईने. 'जुन्या गिरणीमागे, पाण्याच्या वळणावर.' म्यूझियमने सह्या घेतल्या की तिकिटांचं भागतंय. आपण दोघं समोर उभे राहू. दादा बाहेर येईल तेव्हा घरचं कुणीतरी असायला हवं."

आजीला ते डोळ्यांसमोर दिसलं. सत्तर वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, परमुलखात कुठल्याशा गिरणीच्या मागे उभा राहून माती उकरणाऱ्यांकडे बघतोय, आणि मातीखाली निघतेय फक्त माती.

"अहो, ते पत्र मी लिहिलंय."

आजोबा अर्जाची घडी नीट करत होते. "हं."

"खरंच सांगते. मी लिहिलंय ते."

"आणि पोपट?"

"पोपट खोटा. हे खरं."

आजोबा हसले. अगदी मनापासून, खांदे हलेपर्यंत. "अगं, तुला त्या भाषेतलं एक अक्षर येत नाही. 'सुप्रभात' म्हणायला सांगितलं तर शिंकल्यासारखं करतेस."

"मला कशाला यायला हवं? तुम्ही प्रत्येक पत्राच्या ओळीखाली आपल्या भाषेत अर्थ लिहून ठेवलेला आहे की! मी हवे ते शब्द शोधले आणि काचेवर धरून उतरवले. रुमालावर नावं उतरवते तसे. पाकीटही जुन्यातलंच घेतलं, शिक्का पुसट झालेलं. 'तुमचा भाऊ' घेतलं त्या चष्मेवाल्याच्या पत्रातून, तो स्वतःच्या भावाबद्दल रडत होता. 'जखमी' आणि 'आमच्या इस्पितळात' रणगाडेवाल्याकडून. गिरणी गुलाबवाल्या म्हाताऱ्याची. तो पेन्शनीत जिथे राहायचा ना, तिथे मागे गिरणी होती, बदकं होती. बदकं मी घेतली नाहीत."

"गुलाबवाल्याच्या गावातच दादाची कबर आहे, हे मला ठाऊक आहे," आजोबा शांतपणे म्हणाले. "दोघा सेनापतींच्या पत्रांत एकच गाव येतं, म्हणजे तिथे लष्करी इस्पितळ होतं. मी ते कधीच ताडलंय. आणि आता हेच उचलून तू मला गोष्ट सांगतेयस."

आजीने कपाळावर हात मारला. हा माणूस चोराच्या पायाचे ठसेसुद्धा देवाची पावलं समजून पूजायचा!

"आणि 'तो शांतपणे गेला, माझा हात त्याच्या डोक्यावर होता', ते? ते कुठलं आहे सांगू?"

आजोबांचा हात थांबला. हे वाक्य त्यांना पाठ होतं. मरणाच्या दारात पडलेल्या आईला त्यांनी ते चार वेळा वाचून दाखवलं होतं. चौथ्या वेळी आईने 'दाराला कडी लाव' म्हटलं होतं आणि डोळे मिटले होते.

"त्या वाक्यावर थट्टा नको," ते म्हणाले.

"रणगाडेवाल्याच्या कुत्र्याबद्दलचं आहे ते. दुसरा अल्बम, मागचं पान. शिकारी कुत्रा होता त्याचा, तेरा वर्षांचा. मी फक्त कुत्र्याचं नाव गाळलं."

आजोबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पिठासारखा झाला.

"आज एक दिवस," ते हळू म्हणाले, "आजचा एकच दिवस थापा मारू नकोस. एवढं एकच मागतो तुझ्याकडे."

"मग खिडकीपाशी जा. ते युद्धाचं जाडं पुस्तक आहे ना, त्यात पुलावरच्याच्या फोटोखाली सही छापलेली आहे. पत्रातली सही तिच्यावर ठेवा, उजेडात धरा. मी तीच उतरवलीय. रेघेवर रेघ बसेल."

"जुळणारच! एकाच माणसाची आहे. जुळते म्हणून तर—"

दारावरची घंटा वाजली.

अकराला वीस मिनिटं कमी होती. बाई लवकर आल्या होत्या.

चाळिशीची, सडपातळ, केस कापलेली बाई. हातात चामड्याची पेटी. तिने पेटीतून भिंग काढलं, एक छोटा दिवा काढला, आणि तीही हातमोजे घालायला लागली तेव्हा आजोबांना आपला माणूस भेटल्यासारखं झालं. म्यूझियममध्ये ती जुने कागदच तपासायची. पाणी हवं का, चहा हवा का, तर म्हणाली, "टेबलावर काही नको, आजी. एक थेंब सांडला की माझी नोकरी जाईल."

"आमच्याकडे चहा वर सांडतो, खाली नाही," आजी सवयीने बोलून गेली. कुणी हसलं नाही. तिलासुद्धा हसू आलं नाही.

बाईने पहिला अल्बम उघडला. भिंग डोळ्याला लावून ती एकेका पानावर थांबायची, पुढे जायची. "ही हाताची आहे... हीसुद्धा... हा फोटो नंतरचा आहे, पण सही खरी." एका जागी तिने पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं, मग भिंग खाली करून आजोबांकडे बघितलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सह्या जमवणारे हे लिहीत नाहीत, आजोबा. बरेच जण तर पुसतात."

"मी सह्या जमवत नव्हतो," आजोबा म्हणाले.

दुसरा अल्बम. आजी भिंतीला टेकून उभी होती आणि पानं मोजत होती. मागच्या पानावर कुत्रा होता. बाईला जर्मन येत होतं, सरळ वाचता यायचं, खालच्या ओळींची गरज नव्हती. ते पान उलटलं. बाई थोडी थांबली, बारीकसं हसली. "बिचारा कुत्रा," म्हणाली, आणि पुढे गेली.

आजोबा हसले नाहीत. ते त्या उलटलेल्या पानाकडे बघत राहिले.

चौथा अल्बम मिटला तेव्हा बारा वाजत आले होते. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस खऱ्या," बाईने पाठ सरळ केली. "असं मी क्वचितच बघते. आता ते पत्र."

आजोबांनी पाकीट तिच्यापुढे सरकवलं. सरकवताना त्यांचं बोट कडेवर थोडं जास्तच रेंगाळलं, असं आजीला वाटलं.

बाईने पत्र उलगडलं. कागद दिव्यापुढे धरून आतली कारखान्याची खूण बघितली. कागद अस्सलच होता. गुलाबवाल्याच्या लांबलचक पत्राचं मागचं कोरं पान तिने कापून घेतलं होतं. बाईने भिंग एकेका शब्दावरून फिरवलं. मग कपाळाला आठी पडली.

"इथे एक गंमत आहे. जर्मन लिहायची दोन वळणं होती, आजोबा. एक जुनं, टोकदार, म्हाताऱ्यांचं. एक नवं, आपण छापील बघतो तसं गोल. शाळेत जे शिकलात ते जन्मभर. या पत्रात दोन्ही आहेत. हा शब्द जुना, हा नवा, पुन्हा जुना."

"तो दोन्ही युद्धांत होता," आजोबा म्हणाले. हे उत्तर त्यांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच तयार करून ठेवलेलं होतं. पण आज त्यांचा आवाज त्या उत्तरामागे उभा राहिला नाही.

"तेही खरं. काही म्हातारे घोटाळा करायचे. मी एकदोन पाहिलेत." बाईने पेटीतून एक फोटो काढला, दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरच्या पुलावरच्याच्या सहीचा, आणि शेजारी ठेवून ताडून पाहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. बाहेर कुणाचीतरी सायकल घंटी वाजवत गेली. "सहीचं वळण त्याचंच आहे. कागद त्या काळचा, शाई त्या काळची. हाताची दोन वळणं सोडली तर माझी हरकत नाही." तिने भिंग खाली ठेवलं. "मी छातीठोक 'अस्सल' लिहिणार नाही. पण 'बहुधा अस्सल' लिहू शकते. कबरीवाल्या कचेरीला तेवढं पुरतं. मी तसे दाखले दिले आहेत."

तिने पेन उघडलं.

आणि इथेच, गंमत बघा, आजीचं मन उलटं फिरलं. सकाळपासून जी खरं सांगायला जिवाचा आटापिटा करत होती, तीच आता मनातल्या मनात म्हणायला लागली, लिहा बाई, लिहा. लिहून टाका. जाऊ दे त्यांना. खणू दे. काही निघालं नाही तर म्हणू, पाण्याने वाहून गेलं. गिरणी तरी खरी आहे. पाणी तरी खरंखुरं वळतंय तिथे. ते तिथे उभे राहून रडतील, आणि रडण्यासाठी माणसाला जागा लागते, ती तरी खोटी कशाला म्हणायची? तिने पदर तोंडात धरला. अठ्ठावीस वर्षं राहिली तशी ही एक थाप अजून चार वर्षं राहिली असती. दोघांच्या आयुष्याला तेवढं कापड पुष्कळ होतं.

"थांबा," आजोबा म्हणाले.

ते उठले. फडताळातून ते युद्धाचं जाडं पुस्तक काढलं. एक जागा अशी होती की पुस्तक आपोआप तिथेच उघडायचं. त्यांनी पत्र उचललं आणि गुडघा ओढत खिडकीपाशी गेले.

"अहो, राहू द्या," आजी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की तिचा तिलाच ऐकू आला नसता.

आजोबांनी पुस्तकातलं ते एक पान काचेला टेकवलं, वर पत्र धरलं आणि हळूहळू सरकवत सहीवर सही आणली. मग दोन्ही हात स्थिर केले. काट्याची दोन्ही पारडी समेवर येईपर्यंत ते असेच उभे राहायचे, खांदे किंचित वर घेऊन, श्वास न सोडता. चाळीस वर्षं आजीने ती पाठ पाहिली होती. पारडी समेवर आली की पाठ सैल व्हायची.

आज ती सैल झाली नाही. बराच वेळ झाली नाही.

"बाई," ते पाठमोरेच म्हणाले, "चांगला काटासुद्धा तेच वजन दोनदा टाकलं तर केसभर इकडेतिकडे थांबतो. हवा असते, धूळ असते. माणसाचा हात तर काय. मी माझी सही दोनदा सारखी करत नाही, तुम्ही करत नाही. इतकं रेघेला रेघ लागून आलं, की समजायचं, कुणीतरी काटा धरून ठेवलाय."

बाई उठून खिडकीपाशी गेली. डोळे बारीक करून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आधी शरम आली, मग कौतुक आलं, मग दोन्ही गिळून ती म्हणाली, "हे मी बघायला हवं होतं."

"तुम्ही दोन तास बघितलंत. मी अठ्ठावीस वर्षं बघतोय." आजोबा वळले. "मी वजन केलंच नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं."

बाई पेटीतल्या वस्तू उगाचच इकडच्या तिकडे करायला लागली. आजोबा आजीसमोर येऊन उभे राहिले. पत्र अजून हातातच होतं.

"आईला फसवलंस."

"सासूबाईंना झोपवलं मी. तीन आठवडे त्या मरत होत्या आणि मरत नव्हत्या. दाराकडे डोळे लावून. तुम्ही पायाशी बसून बारावं पत्र लिहीत होतात. मला आवाज यायचा त्यांच्या श्वासाचा. कापड फाटतं ना हळूहळू, तसा."

"आणि मला?"

"तुम्ही मध्ये आलात," आजीचा आवाज फुटला. "पत्र त्यांच्यासाठी होतं. वाचून दाखवायला दुसरं कोण होतं? मी ठरवलं होतं, त्या गेल्या की दुसऱ्या दिवशी सांगायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपलात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तुम्हाला आठ तास सलग झोपलेलं बघितलं. म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या."

आजोबा खुर्ची ओढून बसले. हातमोजे एक एक बोट ओढून काढले आणि एकावर एक ठेवले.

"मी काय लिहू, आजोबा?" बाईने हळूच विचारलं.

"त्रेचाळीस घेऊन जा. त्या खऱ्या आहेत. मला त्यांचा काही उपयोग झाला नाही, तुमच्या म्यूझियमला होईल. पेन्सिलीचं पुसू देऊ नका."

"आणि तिकिटांचे पैसे? ते ठरल्याप्रमाणे—"

"कुठल्या गावाची काढू?"

बाईने अल्बम पेटीत भरले, एक काखेत धरला. दारापाशी थांबून तिने आजीकडे बघितलं. "एक विचारू, आजी? इतक्या निरनिराळ्या हातांचं लिखाण तुम्ही असं एकसारखं तिरकं केलंत, माझ्या भिंगाला फक्त वळणं दिसली. कसं जमलं?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर आजीने यावर तीन मजली गोष्ट चढवली असती. "कापडावर धागा ओढला की सगळंच थोडं तिरकं होतं," ती म्हणाली. तेवढंच.

बाई गेली. जिन्यावर तिच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

आजी तशीच भिंतीशी उभी. आजोबांनी ओरडावं, काहीतरी फेकावं, निदान 'खोटारडी' म्हणावं असं तिला वाटत होतं. आजोबांनी अर्ज पुढे ओढला. पट्टी घेतली. 'जुन्या गिरणीमागे, पाण्याच्या वळणावर' या शब्दांवर पट्टी लावून त्यांनी एक सरळ रेघ मारली. दुसरी मारली नाही. वर लिहिलं, 'ठाऊक नाही.' दादा पुन्हा बेपत्ता झाला. या वेळी कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

"धाडणार आहात?" आजीने विचारलं.

"नोंदवहीत नाव नाही त्याचं. निदान हरवलेल्यांत तरी असू दे." त्यांचं बोट अर्जाच्या तळाशी सरकलं. "इथे घरच्या दोन माणसांच्या सह्या लागतात."

त्यांनी आपली केली. मग पेन फिरवून, दांडा तिच्याकडे येईल असं धरलं.

आजी आली. खुर्चीत बसली. कागदावर वाकली आणि थांबली. इतकी वर्षं लोकांची नावं भरली, सेनापतींचे हात उतरवले. स्वतःचं नाव शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवेना. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं यावर बोटं अडखळली. "चुकली तर?" ती म्हणाली.

"चुकू दे."

तिने नाव लिहिलं. अक्षरं लहानमोठी पडली, शेवटचं ओळीखाली घसरलं.

आजोबांनी टीपकागद घेतला नाही. दोन्ही तळव्यांवर तो अर्ज आडवा धरला आणि शाई वाळायची वाट बघत उभे राहिले. खिडकीतून वारा येत होता. कुणीतरी ती लावायला हवी होती, पण दोघंही हलली नाहीत.